दारातला त्रिधारी

नाशिक,
दि. ११ जानेवारी १९८८

चि. कौसल्या हिस, पंढरीनाथचा जयभीम व अ. आ.

परवा तुझ्याकडून निघालो तो दिवेलागणीला सुखरूप घरी पोहोचलो. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघण्यात लक्ष नव्हतं. तुझं दारच डोळ्यांसमोर येत होतं. तेवीस वर्षं नोकरी झालेली शिक्षिका, नवरा गेल्यावर एकटीने संसार सावरलेली माझी धाकटी बहीण, आणि तिच्या दारात तेलाच्या गंजक्या डब्यात काय, तर निवडुंग!

आमच्या ऑफिसात बागेचे शौकीन दोन-तीन गृहस्थ आहेत. त्यांच्या कानावर घातलं. ते हसले. उकिरड्यावर आपोआप उगवणारी ही वनस्पती कोणी हौसेने लावतं, हे त्यांनी प्रथमच ऐकलं. आमचे साहेब तर म्हणाले, काटे आणि चीक असलेलं झाड दारात असलं की घरात कटकटी वाढतात. माझ्या क्वार्टरच्या पुढे गुलाबाच्या बारा कुंड्या आहेत हे तुला ठाऊक आहे. त्यातलं एक कलम येत्या माणसाबरोबर पाठवतो. ते लाव, आणि सदर डबा उचलून टाक. भिवंडीत राहून माणसाची नजर मरते, हे मी पूर्वीही सांगितलं होतं.

आनंदीची कंबर धरलेली आहे. कमळचा डी. एड.चा निकाल चांगला लागला. बाकी ठीक.

कळावे, राग नसावा.
तुझा दादा,
पंढरीनाथ चन्ने


भिवंडी,
दि. २४ जानेवारी १९८८

ती. दादास, सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अख्खं पान निवडुंगावर आणि शेवटच्या दोन ओळींत बायकोची कंबर व मुलीचा निकाल. कशाला किती जागा द्यायची हे तुला लहानपणापासून कळत नाही.

आता माझंही ऐक. दारापुढच्या या तीन फूट जमिनीत गेल्या सात वर्षांत मी मोगरा लावला, अबोली लावली, झेंडू लावला, गवती चहा लावला. सगळं बकऱ्यांनी खाल्लं. आमच्या गल्लीतल्या बकऱ्या लूमच्या सुताचा कचरासुद्धा चघळतात, त्या अबोली सोडतील? नळाला पाणी दिवसाआड, तेही कधी येतं कधी नाही. ते मी प्यावं की मोगऱ्याला पाजावं, एवढं तुझ्या शौकीन गृहस्थांना विचारून कळव.

निवडुंग मला शेजारच्या सफियाने दिला. ती इथलीच, कोकणी मुसलमान, तिच्या सासऱ्यांचे आठ लूम आहेत. वज्रेश्वरीच्या रस्त्याला तिच्या मामांचं शेत आहे, त्याला याचंच कुंपण. ती त्याला थूहर म्हणते. हातभर तुकडा कागदात गुंडाळून आणला, आणि जल्दी करू नको म्हणून बजावलं. कापलेल्या तोंडाशी चीक वाळून खपली धरेपर्यंत सावलीत आडवा ठेवायचा. आठ-दहा दिवस जातात. ओल्या तोंडाने लावला तर आतून सडतो. डब्याला खाली भोकं पाडली, तळाशी विटांचे तुकडे घातले, वर निम्मी माती आणि निम्मी वाळू. पाणी घालायचं ते माती पार सुकून वर चार दिवस गेल्यावर. जास्त माया केली की मरतो. महिनाभर ढिम्म उभा होता. मग एका धारेवर हिरवा ठिपका दिसला, त्याचं पान झालं, पानाशेजारी फांदीचा कोंब आला. तीन धारांचा आहे, म्हणून मी त्याला त्रिधारी म्हणते. बकरी येते, हुंगते, आणि नाक उडवून निघून जाते. तेवढं बघायला मी शाळेत जाताना दोन मिनिटं दारात थांबते.

आणि ते साहेबांचं. आपल्या बाबांनी छप्पन साली घरातले सगळे देव पोत्यात भरून खाडीत सोडले, तेव्हा पोत्याचं एक टोक तू धरलं होतंस. त्याच बाबांचा थोरला मुलगा आता साहेबाला विचारून झाडांचे शकुन बघतो. नोकरीत वर चढलास म्हणून मी पेढे वाटले होते. इतका खाली उतरशील असं वाटलं नव्हतं.

वहिनींना कंबर शेकायला सांग, आणि शेकायचं पाणी तू तापव. कमळला माझा आशीर्वाद.

तुझी,
कौसल्या


भिवंडी,
दि. १७ जुलै १९८८

ती. दादास, सप्रेम जयभीम.

तुझा गुलाब चार दिवस टिकला. पहिल्या दिवशी पानं गेली, दुसऱ्या दिवशी कळी, चौथ्या दिवशी बकरीने काटक्या कुंडीतून उपसून नेल्या. कुंडी शाबूत आहे, येशील तेव्हा घेऊन जा.

त्रिधारी आता माझ्या कमरेएवढा झालाय. पावसात त्याला सांभाळावं लागतं, म्हणून डबा ओढून पत्र्याखाली घेतलाय. सफियाने एका बाजूने धरला, मी दुसऱ्या. भिजू दे की एवढ्याने काय होतंय, असं आधी मला वाटलं होतं. तर बुडाशी मऊ, तपकिरी डाग दिसला. सफियाने चाकूने तेवढा भाग तासून काढला, वर चुलीतली राख दाबली, आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब घालायचा नाही म्हणाली. वाचला.

कमळने नोकरीचे अर्ज केले होते, त्याचं काय झालं? तिचं पत्र आलं, पण त्यात सगळा मजकूर पाऊस आणि तुझे गुलाब. स्वतःविषयी अवाक्षर नाही. हे बरं लक्षण नव्हे.

तुझी,
कौसल्या


नाशिक,
दि. २२ नोव्हेंबर १९८८

चि. कौसल्या हिस, अ. आ.

आनंदाची बातमी. कमळसाठी स्थळ आलं आहे. मंडळी कोन गावची. मुलगा कल्याणला बँकेत, घरात मुलाच्या मामांचा शब्द चालतो. नाशिकला येणं त्यांना सोयीचं नाही, आणि कोन तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम रविवार दि. ११ डिसेंबरला तुझ्या घरी ठरवला आहे. मी शुक्रवारी पहाटेच्या गाडीने पुढे येईन, आनंदी व कमळ शनिवारी.

त्या दृष्टीने काही सूचना. भिंतींना चुना लावून घे. शेजाऱ्यांच्या बकऱ्या त्या दिवशी लांब ठेवायला सांग. आणि तो निवडुंग काढ. मंडळी प्रतिष्ठित आहेत. मामांनी दारात पाऊल ठेवायचं आणि समोर उकिरड्याचं झाड, हे मला चालणार नाही. यावर पत्रोत्तर नको, कृती हवी.

तू कमळच्या अर्जांबद्दल विचारलं होतंस. अद्याप काही आलेलं नाही. सरकारी काम आहे, वेळ लागतो. तशीही मामांना नोकरी करणारी सून नको आहे.

तुझा दादा


भिवंडी,
दि. १ डिसेंबर १९८८

ती. दादास जयभीम.

कार्यक्रमाला माझी ना नाही. चुना लावते, चहा-पोहे करते, तुझ्या प्रतिष्ठित मामांना खुर्ची देते. निवडुंग मात्र जागचा हलणार नाही. ज्या माणसाला झाड बघून सून नाकारावीशी वाटते, तो आपल्या मुलीला आणखी कशाकशावरून नाकारील, याचा हिशेब तुझ्या ऑफिसातल्या गृहस्थांकडून करून घे.

कमळला कोणी विचारलं का? तुझ्या पत्रात मामा तीन वेळा आहेत, मुलगा एकदाच, आणि कमळची इच्छा कुठेच नाही.

आता हे थट्टेत घेऊ नकोस. तू आलास की झाडाला हात लावायचा नाही. त्याचा चीक वाईट असतो. कातडीवर फोड येतात, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मी डबा कोपऱ्यात, मुलं फिरकत नाहीत तिथे ठेवलाय, आणि छाटणी करते ती रबरी मोजे घालून, चेहरा लांब ठेवून. तुला सांगितलेलं कळतं की नाही मला माहीत नाही, म्हणून पुन्हा लिहिते: हात लावायचा नाही.

तुझी,
कौसल्या


भिवंडी,
दि. १० डिसेंबर १९८८

सौ. आनंदी हिस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि कौसल्या लिहिते आहे. (शब्द दादाचे, कंसातले माझे. वहिनी, घाबरू नका, जिवाला धोका नाही.) तार मिळून तुम्ही निघायच्या थांबलाच असाल. आता सविस्तर.

काल आल्यावर, कौसल्या सकाळच्या शाळेला गेली असता, मी दारासमोरील वनस्पती स्वच्छतेच्या दृष्टीने काढून टाकण्याचा निर्णय घेतला. (सफियाच्या घरी जाऊन, नारळ सोलायचाय असं खोटं सांगून कोयता आणला.) चार-पाच घाव घातले असता झाडाने माझ्या तोंडावर चिकाची पिचकारी सोडली. (झाड काही सोडत नाही. तोडलं की वाहतं.) मी रुमालाने घाम पुसला. (रुमालाने नव्हे, हाताने. चीक लागलेल्या हाताने, दोन्ही डोळ्यांवरून.) त्यानंतर किंचित आग जाणवली. (नाक्यावरच्या लूमवाल्यांनी लूम सोडून धाव घेतली, इतकी किंचित.)

शेजारची कोणी बाई आली व तिने पाणी मारलं. (तिचं नाव सफिया. तिने दादाचं डोकं मांडीशी घट्ट धरून अर्धा तास डोळ्यांत पाणी ओतलं. तीन दिवस नळ आला नव्हता. ते तिच्या घरातलं प्यायचं पाणी. दोन हंडे संपल्यावर तिने जावेकडचा तिसरा आणवला. मग रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी मिळालं नसतं तर दोन्ही डोळे गेले असते.) डोळ्यांवर पट्ट्या आहेत. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब. तीन आठवडे प्रवास नको असं सांगितलंय. (उजव्या डोळ्याचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत.)

कोनच्या मंडळींना निरोप दिला होता. मामांनी पुढचा रविवार, १८ तारीख दिली. कमळला त्याच्या आत इकडे पाठव.

मला रजा वाढवायची आहे. काळ्या कोटाच्या आतल्या खिशात लोखंडी कपाटाची किल्ली आहे. वरच्या खणात निळी फाइल, तीत रजेचे कोरे फॉर्म आहेत. दोन पाठव. खालच्या खणाला हात लावू नये. तिथे तुमच्या उपयोगाचं काही नाही. (हे त्याने तीनदा सांगितलं. मी एकदाच लिहिते.)

तुझा,
पंढरीनाथ
(सही त्याला जमली नाही. अंगठा घ्यावा का असं मी विचारलं, तर चिडला. म्हणजे प्रकृतीला उतार आहे.)


नाशिक,
दि. १४ डिसेंबर १९८८

कौसल्याताईंस, आनंदीचा जयभीम.

पत्र कमळच्या हाती देते. मी चौथी शिकलेली, चुका काढू नका.

तीस वर्षांत मी त्या कपाटाला किल्ली लावली नाही. खालच्या खणाला हात लावू नको म्हणून यांनी कळवलं, म्हणून आधी तोच उघडला. खाकी पाकिटात कमळच्या नोकरीची ऑर्डर निघाली. अकलोलीची शाळा. कागदावर तारीख पाच नोव्हेंबरची, हजर व्हायची शेवटची मुदत २० डिसेंबर. महिन्याच्या वर हा कागद या माणसाच्या कपाटात आहे.

ताई, पोरगी रोज पोस्टमनची वाट बघायची. तो पुढे गेला की आत येऊन भांडी घासायची, नळ मोठा सोडून, म्हणजे रडणं ऐकू येऊ नये. हे समोर खुर्चीत पेपर वाचत बसायचे. सरकारी काम आहे, वेळ लागतो, म्हणायचे. पेपर खालीसुद्धा करायचे नाहीत. डोळे गेले असते असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा आधी मी रडले. मग खण उघडला. मग रडू आलं नाही.

यांना इतक्यात काही सांगू नका. कमळला सांगू द्या. फॉर्म दोन मागितलेत, मी चार पाठवते. सावकाश येऊ देत.

तुमची,
आनंदी


भिवंडी,
दि. २० डिसेंबर १९८८

सौ. आनंदीवहिनींस, सप्रेम जयभीम, वि. वि.

काल कमळ वेळेत हजर झाली. ही बातमी आधी, बाकीचं नंतर.

ती गुरुवारी आली. तुमचं पत्र मला दिलं आणि पदर खोचून बापाच्या डोळ्यांत थेंब घालायला बसली. तीन दिवस चार-चार वेळा थेंब घातले, भात कालवून भरवला, पेपर वाचून दाखवला. ऑर्डरबद्दल चकार शब्द नाही. दादा तिला रोज सासरी कसं वागावं ते समजावत होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही. मला वाटलं, ही घाबरली.

रविवारी मामा आले, सोबत मुलगा आणि आणखी दोघं. मामांनी दारातूनच आमची गल्ली पाहून नाकाला रुमाल लावला. आत दादा पट्ट्या बांधून बसलेला. त्याची चौकशी करायची सोडून मामांनी विचारलं, की हे आंधळेपण घराण्यात आहे का, मुलांना उतरतं का. दादाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. ज्या सुरात तो आयुष्यभर लोकांशी बोलला, तोच सूर पहिल्यांदा त्याच्या कानावर आला. तो काही बोलणार, तोवर मामांनी दुसरा विषय काढला: मुलीने शिक्षण केलंय ते ठीक, पण नोकरीचं नाव काढायचं नाही. मुलगा जमिनीकडे बघत पोहे खात होता.

तेव्हा कमळ आत गेली, ट्रंकेतून कागद आणला, आणि भर बैठकीत उभी राहून तो मोठ्याने वाचला. वर्गात धडा वाचावा तसा. आधी तारीख वाचली. पाच नोव्हेंबर म्हटल्याबरोबर दादाने हात पुढे केला. कागद त्याच्यापासून दोन हातांवर होता, पण कुठल्या बाजूला ते त्याला कळेना. तो हवेत चाचपत राहिला आणि ही वाचत राहिली, खालच्या सहीपर्यंत. मग मामांना म्हणाली, की उद्या मला अकलोलीला हजर व्हायचंय, तुमचा वेळ गेला, माफ करा. मंडळी चहा न घेता उठली. मी थांबा म्हटलं नाही.

दादाने मामांना खूप शिव्या दिल्या. उद्धट, अडाणी, कोनचे गावगुंड. कपाटाबद्दल अक्षर नाही. सोमवारी सकाळी कमळ ट्रंक घेऊन वज्रेश्वरीच्या गाडीला निघाली तेव्हा त्याने कुठे निघालीस असंही विचारलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिने थेंबांची बाटली सफियाकडे दिली, आत्या शाळेत असताना तुम्ही घाला म्हणाली. आता सफिया येते, दादाला मान वर करायला सांगते, आणि तो करतो. अजून तिचं नाव त्याच्या तोंडात बसलेलं नाही. बाई म्हणतो.

त्रिधारीचे नऊ तुकडे झालेत. जाळू नका, धूरही डोळ्यांना वाईट, असं सफिया म्हणाली. मोजे घालून सगळे गोळा केले आणि पत्र्याखाली कागदावर वाळत ठेवलेत. खुंट मात्र डब्यात घट्ट आहे. कमळ एक तुकडा शाळेत लावायला मागत होती, मी दिला नाही. लहान मुलांच्या हातापाशी हे झाड नको.

फाइलीतले उरलेले रजेचे फॉर्म जपून ठेवा.

तुमची,
कौसल्या


नाशिक,
दि. ९ मार्च १९८९

चि. कौसल्या हिस,

तुझ्या घरून आल्याला दोन महिने झाले. डोळे पूर्ण बरे आहेत. ऑफिसचं सर्व काम पूर्ववत करतो, वाचन-लेखनास कोणतीही अडचण नाही. तुझ्या पत्रांत वारंवार डोळ्यांची चौकशी असते, ती थांबवावी.

झाल्या प्रकाराबद्दल मी तुला दोष देत नाही, तथापि त्या झाडाबद्दल वेळीच ऐकलं असतंस तर पुढचं काहीच घडलं नसतं. खुंटासकट उपटून टाक. कमळला सांग, की परीक्षा संपल्यावर राजीनामा देऊन परत यावं. इथे नाशिकरोडला एक स्थळ पाहिलं आहे. मुलीने बापाचा चारचौघांत पाणउतारा केला ते मी विसरायला तयार आहे. आनंदी हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलते. तिलाही तूच बिघडवलंस.

पंढरीनाथ चन्ने


अकलोली,
दि. २ एप्रिल १९८९

ती. अण्णांस, कमळचा सविनय जयभीम.

आत्याला आलेलं तुमचं पत्र तिने मला वाचायला दिलं. उत्तर मी देईन असं म्हटलं, कारण पत्र तिच्या नावाने असलं तरी माझ्यासाठी होतं.

मी राजीनामा देणार नाही. शाळेमागे मला खोली मिळाली आहे. शनिवारी भिवंडीला जाते, रविवारी परत. आत्याने लावलेल्या नऊ तुकड्यांपैकी सातांनी मूळ धरलं, आणि खुंटाला तीन कोंब आले. ते ती उपटणार नाही. तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

नाशिकरोडच्या मंडळींना नाही म्हणून कळवा. यापुढे मला दाखवायला कोणाला आणू नका. तुम्ही मला भेटायला या, एकटे या. कागद लपवल्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. करीन की नाही हे आज सांगता येत नाही, आणि खोटं सांगायची सवय मला लावून घ्यायची नाही. पण तुम्ही आलात तर भात मी टाकीन.

आणखी एक. तुमचं ते पत्र तुमच्या हातचं नव्हतं. अक्षर दुसऱ्याचं, सही तेवढी तुमची, आणि ती ओळ सोडून खाली उतरलेली. आईने कळवलंय, ऑफिसात तुम्ही फाइल उघडून बसता आणि शिपाई हळू आवाजात वाचून दाखवतो. उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे ते तुम्ही कोणाला कळू देत नाही. म्हणून हे पत्र मी फळ्यावर काढते तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. पानं सहा झाली. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका, उजेडात धरलंत तर तुमचं तुम्हाला दिसेल.

उत्तर स्वतःच्या हाताने लिहा. ओळी तिरक्या गेल्या, अक्षरं एकमेकांवर चढली, तरी मला वाचता येईल. माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे.

तुमची,
कमळ